उषाबाईंनी समुद्रात बसवलेले घट

सुरतेला समुद्र आहे ही गोष्ट आमच्या गोडादऱ्यात कुणी फारशी मनावर घेत नाही. डुमसला आहे म्हणतात. पण डुमसला माणूस जातो तो टोमॅटोची भजी खायला. भजी संपल्यावर हात कशाला पुसावेत म्हणून इकडेतिकडे बघताना जे मातकट काहीतरी लांबवर पसरलेलं दिसतं, तो समुद्र. आमची वस्ती लूमवर जाणाऱ्यांची, डाइंगमध्ये रंगून येणाऱ्यांची आणि घरी बसून साड्यांना टिकल्या लावणाऱ्यांची. आमच्याकडे पाणी म्हणजे नळाचं. ते येतं किंवा येत नाही. त्यापलीकडे पाण्याशी आमचं बोलणं नाही.

अशा वस्तीत एक भाजीवाली गिऱ्हाइकाच्या पिशवीत कोथिंबीर कोंबता कोंबता सांगते, "ताई, आज अष्टमी. आज काही समुद्र फार मागे जायचा नाही. अमावस्या येऊ द्या, मग बघा कसा सरकतो ते." गिऱ्हाईक नवीन असेल तर घाबरतं. जुनं असेल तर म्हणतं, "बरं. आणि मिरच्या?"

या उषाबाई. मूळच्या पारोळ्याकडच्या. लग्न होऊन सुरतेला आल्या तेव्हापासून त्यांची लारी, म्हणजे भाजीची हातगाडी, आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभी असते. नवऱ्याचं नाव दगा, कामाला लूमवर. उभा जन्म यंत्रांच्या खडखडाटात गेल्याने त्याला कमी ऐकू येतं, आणि आपल्यालाच कमी येतं तर जगाला किती कमी येत असेल, या काळजीने तो जगाशी ओरडून बोलतो. त्यामुळे या घरातलं काहीच गल्लीपासून लपलेलं नाही.

उषाबाईंची आणि समुद्राची ओळख एका शब्दाने करून दिली, आणि तोही त्यांनी चुकीचा वाचला होता.

झालं असं. लाऱ्या हटवणारी गाडी त्या आठवड्यात दोनदा येऊन गेली होती. उषाबाई लारी ढकलून या कोपऱ्यावरून त्या कोपऱ्यावर आणि त्या कोपऱ्यावरून पुन्हा या कोपऱ्यावर अशा फिरत होत्या. तेवढ्यात कॉलेजच्या पोरांनी विजेच्या खांबावर एक गुजराती कागद चिकटवला. उषाबाईंचं गुजराती वाचन म्हणजे लाल डब्याची एसटी. थांबत थांबत जाते आणि शेवटचा थांबा येण्याआधीच प्रवासी उतरून जातो. कागदावर लिहिलं होतं, "परवाळा बचावो." उषाबाईंनी वाचलं, "परवळवाळा बचावो."

परवळ विकणाऱ्यांना वाचवा! उषाबाईंचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत लारीवाल्यांसाठी कुणीतरी उठलं. मग भेंडीवाल्यांनी काय करायचं, गवारवाल्यांनी कुठे जायचं, हा प्रश्न त्यांना पडला नाही. ज्याने त्याने आपापली सभा भरवावी. त्यांनी लारी शेजारणीच्या हवाली केली, पुरावा म्हणून पिशवीभर परवळ घेतलं आणि कॉलेजच्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. दारात एक पोरगी नावं लिहून घेत होती. उषाबाईंनी पहिलं नाव आपलं घातलं. मोर्चाची यादी असणार, त्यात मागे राहून चालत नाही.

हॉलमध्ये अंधार करून समुद्राचे फोटो दाखवायला सुरुवात झाली. मासे झाले, खेकडे झाले, दगडासारखं काहीतरी झालं. उषाबाई वाट बघत राहिल्या. मोठ्या सभेत आधी इकडचं तिकडचं बोलतातच. शेवटी कुणाला काही विचारायचंय का असं आल्यावर त्या उठल्या आणि पिशवी उंच धरून म्हणाल्या, "हे सगळं ठीक आहे. पण आमची लारी उभी कुठे करायची?"

हॉल हसला. बोलणारी मुलगी मात्र हसली नाही. ती दिपाली, आमच्या उधन्याच्या बाजूची, घरी मराठी बोलणारी. ती खाली उतरून आली. "काकू, परवाळा म्हणजे आपलं पोवळं."

"अंगठीतलं?"

"त्याच्याच भावकीतलं. पण हे जिवंत असतं. समुद्रात राहतं."

"मग परवळाचं काय?"

"परवळाचं मला काही करता येणार नाही, काकू. पण तुमचं नाव तर बसच्या यादीत पहिलं आहे. रविवारी जामनगरच्या पुढे नराऱ्याला जायचंय, पोवळी बघायला. येता?"

नाव घातलं आणि गेलं नाही, असं उषाबाईंनी आयुष्यात कधी केलं नव्हतं. त्या गेल्या.

नराऱ्याला ओहोटीला समुद्र इतका मागे जातो की त्याच्या घरात पायी हिंडता येतं. कुठे घोट्याएवढं पाणी, कुठे गुडघ्याएवढं. वाट दाखवायला मगनभाई नावाचे गाइड होते. उन्हाने रापलेले, हातात काठी, आणि पायाकडे बघून माणूस ओळखणारे. त्यांनी उषाबाईंना एक खेकडा दाखवला, फुगा झालेला मासा दाखवला, आणि मग पाण्यातला एक गोल गरगरीत ढेपसा. हिरवट तपकिरी, अंगभर नागमोडी रेघा. पोवळं म्हणजे लालचुटुक असणार, या अपेक्षेने गेलेल्या उषाबाई म्हणाल्या, "हे तर डांगर आहे, भोपळा!"

"जिवंत छे, बेन," मगनभाई म्हणाले. "हजारो नानां नानां जीव, एकाला एक चिकटून. एका वरसमां नखाएवढं वाढतं. आ तमारा बापानी उमरनुं हशे. जिथे बसलं तिथेच. हलत नाही."

"कुणी पाय दिला तर?"

"तो मरी जाय. भागीने जाय क्यां? पळणार कुठे?"

उषाबाईंनी वाकून त्या डांगराच्या खाली बघितलं. मग म्हणाल्या, "माझ्या लारीला निदान चाकं तरी आहेत."

बस परत आली. त्या संध्याकाळी गल्लीने दगाचा आवाज ऐकला, "समुद्रमा डांगर? मंग आनं का नही वं?" आणि त्यावर उषाबाईंचा, त्याच्याही वरचा: "ते आणायचं नसतं!"

एवढ्यावर थांबल्या असत्या तर त्या उषाबाई कसल्या. आपण जे बघितलं ते एकटीने बघितलं, ही गोष्ट त्यांना पचेना. चांगलं वांगं मिळालं तरी चार घरी सांगणारी बाई ती. पुढच्या वर्षी त्यांनी गल्लीतल्या बायकांची बस काढली. द्वारका, सोमनाथ आणि मध्ये नरारा. द्वारका-सोमनाथ बायकांसाठी आणि नरारा उषाबाईंसाठी. भाडं वाटून, पोळ्या-चटणी बरोबर, आणि सामान उचलायला दोन पुरुष. त्यांतला एक मी. दुसरा दगा, त्याला समुद्राची गाज ऐकू येत नसल्याने तो तिथे फार शांत असतो.

त्या पहिल्या खेपेला फजिती झाली. आमच्या गल्लीतली शीतल मोबाइलमध्ये स्वतःला बघत मागे मागे सरकत गेली आणि पायाखाली काहीतरी कट्‌ वाजलं. ताटाएवढ्या पोवळ्याचा काठ तुटला होता. शीतल रडायला लागली. मगनभाईंनी तो तुकडा उचलला, पुन्हा जागेवर ठेवून बघितला, जसं आपण फुटलेल्या कपाचा कान उगीच लावून बघतो तसा, आणि किनाऱ्यावर आल्यावर उषाबाईंना बाजूला घेऊन म्हणाले, "बेन, आवता वरसे बस घेऊन नका येऊ. तुम्ही एकट्या या. हे टोळकं नको."

उषाबाईंनी हात जोडले. "एक खेप द्या. एकाला जरी कुणाचा पाय लागला, तर पुन्हा गोडादऱ्याची बस तुम्हाला दिसणार नाही. मी पण दिसणार नाही."

"तमे पण नहीं?"

"मी पण नाही."

मगनभाईंनी मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, हे उषाबाईंना सुरत येईपर्यंत कळेना. मग त्यांनी ती हो धरली.

आता सगळं त्या एका खेपेवर आलं. एखाद्याचं देवदर्शन तुटावं तसं उषाबाईंचं त्या डांगराचं दर्शन तुटणार होतं, आणि तेही दुसऱ्याच्या पायाने. त्यांनी तयारी सुरू केली. दुपारी लारीवरचे फ्लॉवर, कोबी आणि डांगरं गल्लीत मांडायची, आणि बायकांनी साडी वर खोचून त्यांतून चालायचं. पायात बूट. नराऱ्याला बुटांशिवाय चालत नाही आणि आमच्याकडे बायकांचे बूट नसतात, त्यामुळे कुणाच्या पायात नवऱ्याचे, कुणाच्या दिराचे, कुणाच्या पोराचे शाळेचे. पहिल्या दिवशी इतके फ्लॉवर तुडवले गेले की संध्याकाळी गल्लीतल्या प्रत्येक घरी फ्लॉवरचीच भाजी होती.

रिक्षावाला योगेश हॉर्न वाजवत उभा राही. "मावशी, परेड कधी संपणार? सलामी घ्यायला कोण येणारे?"

"कसाले हासस रे?" उषाबाई. "रिव्हर्स घे. एक फ्लॉवर मोडलं तर तेच घेऊन घरी जायचं."

सगळ्यांत अवघड काम अनुसयाकाकूंचं. या हिंगोलीकडच्या. अंगाने भारी, श्रद्धेने त्याहून भारी. सुरतेतल्या आमच्या सगळ्या मराठी बायकांचं सोवळं-ओवळं, उपास-तापास, कधी काय चालतं आणि कधी चालत नाही, याचं हायकोर्ट म्हणजे काकू. त्यांनी सरळ एका कोबीवर पाय ठेवला आणि तिथेच उभ्या राहिल्या.

"काकू, ते जिवंत आहे असं समजायचं!"

"कोंबडी बी जित्तीच असती की गं," काकू म्हणाल्या. "म्हणून काय रस्ता सोडून चालतो व्हय?"

लहान लहान जीव, नखाएवढी वाढ, सगळं सांगून झालं होतं. बायका ऐकायच्या, माना डोलवायच्या आणि पाय ठेवायच्या. मग एका दुपारी उषाबाईंच्या डोक्यात आलं. त्या एका डांगरापुढे बसल्या आणि म्हणाल्या, "काकू, नवरात्रात तुमच्याकडे घट बसतात ना?"

"बसतात म्हंजे? नऊ दिवस!"

"घट बसले की त्यांना हलवता?"

"शिवशिव! घट हालवतात व्हय? उठवायच्या दिवसापस्तोर हात नाही लावायचा. पोरांना त्या खोलीत पळू देत नाही मी."

"मग हे समुद्राचे घट बसलेत. मातीत धान्य पेरतो, तसं धन उगवलंय त्यांचं."

काकूंनी कोबीवरचा पाय उचलला, कोबीला नमस्कार केला, आणि त्या दिवसापासून एकाही भाजीला धक्का लागला नाही. बायका अशा चालू लागल्या जशा नैवेद्याचं ताट घेऊन चालतात. उषाबाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी योगेशला फुकट लिंबू दिलं.

मगनभाईंनी तारीख कळवली ती पौषातल्या अमावस्येच्या दुसऱ्या दिवसाची. पाणी तेव्हाच खूप मागे जातं. अमावस्येला घर सोडायचं म्हटल्यावर हायकोर्ट बसलं. शेवटी निकाल लागला की घर सोडायचं नाही, फक्त बसमध्ये बसायचं. घर सुटेल ते आपोआप.

सकाळी नराऱ्याला उतरलो तेव्हा ऊन कोवळं होतं आणि समुद्र कुठे गेला ते शोधावं लागत होतं. मगनभाई काठी टेकून उभे. त्यांनी बायकांच्या पायांकडे बघितलं. नऊवारी, पाचवारी आणि खाली दिरांचे बूट. त्यांच्या मिशीत काहीतरी हललं, पण हसू आलं नाही.

"एक पण," त्यांनी उषाबाईंना बोट दाखवलं. "एक पण तुटलं तर."

"माहीत आहे, भाऊ."

आणि बायका चालल्या. काय चालल्या! एकीमागे एक, पाय ठेवण्याआधी खाली बघायचं, वाळू दिसली तरच ठेवायचा. "माय वं, आठे से, आठे से," म्हणत पुढची मागचीला पोवळं कुठे आहे ते दाखवायची. शीतलने तर मोबाइल बसमध्येच ठेवला होता. मगनभाई तिला मुद्दाम त्या ताटाएवढ्या पोवळ्याकडे घेऊन गेले. जिथे काठ तुटला होता, तिथे पांढऱ्या जखमेवर बारीक तपकिरी कातडी चढली होती. नव्या रेघा उमटत होत्या.

"भरून येतंय?" शीतलने विचारलं.

"पग नहीं मूको तो आवे," मगनभाई म्हणाले. पाय नाही ठेवला, तर येतं.

शेवटी सगळ्या उषाबाईंच्या डांगरापाशी आल्या. गोल करून उभ्या राहिल्या. पाणी आरशासारखं. डांगर आपल्या जागी, अंगावरच्या रेघांतून एक निळी मासोळी हिंडत होती. उषाबाईंच्या चेहऱ्यावर असा भाव, जसा पोरीला बघायला आलेल्या पाहुण्यांना पोरगी पसंत पडलेली दिसते तेव्हा आईच्या चेहऱ्यावर असतो.

तेवढ्यात अनुसयाकाकूंनी पायातले बूट काढले.

"काकू, बूट का काढता?"

"घटाम्होरं पायताण घालून उभं ऱ्हायचं व्हय?" काकूंनी बूट काखेत मारले, कमरेची पिशवी सोडली आणि आतून हळदी-कुंकवाची कोयरी काढली. मग नारळ. मग उदबत्ती. संक्रांत होऊन रथसप्तमी यायची होती. हळदी-कुंकवाचेच दिवस. बघता बघता बायकांच्या कमरेतून कोयऱ्याच कोयऱ्या निघाल्या. एकीने तर वाणाला द्यायचे प्लास्टिकचे डबेही आणले होते. चारपाच जणींचे बूट उतरले. कोयऱ्या उघडल्या. काकूंनी चिमटीत कुंकू घेतलं आणि त्या डांगरावर वाकल्या.

"नहीं, नहीं!" मगनभाई ओरडले. "रंग नहीं! आनां मोढां बंद थई जाय!"

"काय म्हंतोय?"

"काकू, त्याची तोंडं बुजतील म्हणतात," उषाबाईंचा आवाज चिरकला. "अंगभर बारीक बारीक तोंडं असतात त्याला."

"देवीला कुंकवानं कधी काय झालंय व्हय गं?"

उषाबाईंना तेव्हा कळलं, की पाय उचलायला लावले ते आपणच आणि कुंकू आणायला लावलं तेही आपणच. देवी नाही, घट नाही, नुसता जीव आहे, असं आता म्हणावं तर पाय पुन्हा खाली येणार. आहे म्हणावं तर कुंकू. मगनभाई त्यांच्याकडे बघत होते. काकूंची चिमूट डांगरावर. दगाला काहीच ऐकू आलं नसल्याने तो लांबून ओरडला, "काय झाय वं? खेकडा चावना का?"

"काकू," उषाबाई म्हणाल्या, "घट बसवता तेव्हा कुंकू कशाला लावता? लोट्याला का धनाला?"

काकूंची चिमूट थांबली. प्रश्न कायद्याचा होता.

"लोट्याला," काकू म्हणाल्या. "धनाला कुंकू टाकलं तर पिवळं पडून मरतं. धनाला निस्तं पाणी."

"मग हे काय आहे?"

काकूंनी डांगराकडे निरखून बघितलं. "धन हाय," काकूंनी निकाल दिला. मग लगेच कमरेवर हात ठेवला. "मंग लोटा कुठंय?"

उषाबाईंनी चारी बाजूंना बघितलं. लोट्यासारखं काही नव्हतं. पाणी होतं, वाळू होती आणि मगनभाई होते.

"लोटा किनाऱ्यावर आहे," त्या म्हणाल्या. "इथलं धन, तिथला लोटा. एवढ्या मोठ्या देवीचं सगळं एका जागी कसं मावेल?"

"आन्‌ पाणी कोण घालणार?"

"चालो, चालो!" मगनभाईंनी समुद्राकडे काठी केली. "भरती आवे छे!"

"बघा," उषाबाई म्हणाल्या, "घालणारा निघालाच आहे."

बूट पुन्हा पायांत चढले. काकूंना अनवाणी पायाला शिंपला कापला होता. त्या म्हणाल्या, घटाचं काही नाही, माझीच घाई. एका पोराचा शाळेचा बूट तरंगत निघाला होता, तो मगनभाईंनी काठीने अडवला. कोयऱ्या बंद, उदबत्त्या पिशवीत, प्लास्टिकचा एकही डबा मागे नाही. आणि बायका आल्या तशाच परत निघाल्या, एकीमागे एक, वाळू बघून. मगनभाई या खेपेला सगळ्यांच्या मागून चालत होते. उषाबाई पुढे होत्या आणि मागे वळून बघत नव्हत्या. मास्तर परीक्षेचा कागद तपासत असताना त्यांच्याकडे बघू नये, तसं.

किनाऱ्यावर लोटा काही नव्हताच. पण बसमधला पाण्याचा जार होता, वीस लिटरचा, निळा. काकूंनी तो वाळूत ठेवायला लावला, त्याच्या गळ्याला दोरा बांधला, वर नारळ बसवला आणि कुंकू लावलं. मग सगळ्या बायकांनी लावलं. जार असा लालपिवळा झाला की पुढे द्वारकेत हॉटेलवाल्याने त्याला बाहेरच नमस्कार केला. बायकांनी एकमेकींना हळदीकुंकू लावलं, वाणाचे डबे वाटले. एक डबा काकूंनी मगनभाईंच्या हातात दिला. त्यांनी तो उलटासुलटा करून बघितला, पुरुषाला वाण देतात की नाही हे त्यांना माहीत नसावं. काकूंनाही नसावं, पण हायकोर्टाला कोण विचारणार.

उषाबाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "भाऊ?"

मगनभाईंनी समुद्राकडे बघितलं. जिथे आम्ही चाललो होतो तिथे आता नुसतं पाणी होतं.

"एक पण नहीं," ते म्हणाले. आणि वर, "आवता वरसे पण अमासना बीजे दिवसे. तिथी जोईने हुं फोन करीश." पुढच्या वर्षीही अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी, तिथी बघून मी फोन करीन.

वर्षभर ज्याच्यासाठी फ्लॉवर तुडवले गेले ते मिळालं. आम्हाला वाटलं आता उषाबाई रडणार. पण त्यांचा चेहरा भाव करतानाचा झाला.

"अमावस्या चालेल," त्या म्हणाल्या, "पण लग्नसराईची नको. पौषातलीच बघा. आणि दोन बस आणल्या तर?"

"दोन बस नहीं!"

"दीड?"

मगनभाई पहिल्यांदा हसले. "एक बस. पण तमे आगळ चालजो."

"पुढे मीच चालणार," उषाबाई म्हणाल्या आणि बसकडे वळून ओरडल्या, "चला गं, बुटांतली वाळू इथेच झाडा. ती इथलीच आहे."